आईलाही जमेल इतकं सोपं!



पूर्वी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि आता फोनच्या पडद्यावर एक गृहस्थ आपल्याला हमखास भेटतात. बाजारात नवा फोन आला, नवं घड्याळ आलं, नवा गेम आला की ते खोकं उघडतात, वस्तू हातात तोलून बघतात. बॅटरी किती तास चालते, रात्रीचे फोटो कसे येतात, मागच्या वर्षीच्या मॉडेलपेक्षा यात जास्त काय, हे सगळं मनापासून सांगतात. माणूस वाईट नाही. आवडीच्या गोष्टीवर बोलताना कुणीही खुलतं, तसे ते खुललेले असतात. आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी काहीजणी त्यांचं आवडीने ऐकतात. दुकानदाराने पैठणी उलगडून दाखवावी आणि घ्यायची नसली तरी आपण बघत बसावं, त्यातलाच तो प्रकार. पण बोलता बोलता हे गृहस्थ एक वाक्य टाकतातच: हा फोन इतका सोपा आहे की तुमच्या आईलाही वापरता येईल.

हे संपादकीय त्या वाक्यातल्या ‘ही’बद्दल आहे.

आईलाही येईल म्हणजे मग कुणालाही येईल. अडाणीपणा मोजायचं माप म्हणून आई. वडिलांचं वय तेवढंच असतं, फोनमधलं त्यांनाही तेवढंच कळतं किंवा कळत नाही, पण ‘तुमच्या वडिलांनाही जमेल’ असं आम्ही तरी कधी ऐकलेलं नाही. आणि ही आई कोण? जिने वीस-वीस वर्षं रॉकेलचा स्टोव्ह चालवला, पिन मारली, वॉशर बदलला, भडका उडाला तेव्हा हवा सोडून तो विझवला. शिलाई मशीनचा टाका सैल पडला की बॉबिनच्या पेटीचा बारीक स्क्रू किती फिरवायचा, हे जिच्या बोटांना ठाऊक आहे. मशीनची वादी तुटली तर ती जराशी कापून पुन्हा जोडते, मिक्सर अडला तर खालचं लाल बटण दाबून पाहते. यातलं काहीही ‘तंत्रज्ञान’ या सदरात येत नाही. घरात बाईच्या हाताखाली आलं की यंत्राची भांडी-कुंडी होतात. तेच यंत्र पुरुषाच्या हातात गेलं की त्याला पुरवणीत पान मिळतं.

अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली घरातल्या यंत्रांवर एक पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली, पण बाईचे कामाचे तास काही त्या प्रमाणात कमी झाले नाहीत, हे त्यांनी त्यात दाखवलं. धुलाईयंत्र आलं आणि कपडे रोज धुवायची पद्धत पडली. पूर्वी बाहेर जाणारी किंवा घरातल्या इतरांनी केलेली कामंही बाईकडे आली. हे आपल्याकडच्या कुठल्याही घरात जाऊन पडताळून पाहता येईल. पण आज बोलायचं आहे ते संगणकाबद्दल, फोनबद्दल, खेळांबद्दल आणि त्यांच्याभोवती जमणाऱ्या माणसांबद्दल.

तर संगणकाची गोष्ट. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धापर्यंत सहसा यंत्रासाठी नव्हता. हिशेब करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत, आणि तोफेचा गोळा कुठून कसा जाईल याची कोष्टकं मांडत बसणाऱ्या या कॉम्प्युटर अमेरिकेत बहुतेक मुली होत्या, गणित शिकलेल्या. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ‘एनिअॅक’ हे यंत्र उभं राहिलं. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह आणि तीसेक टन वजन. त्याला गणित सोडवायला शिकवण्यासाठी या मुलींतल्या सहाजणींना निवडलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकवायला कुणी नव्हतं, पुस्तक नव्हतं. सुरुवातीला तर यंत्र ठेवलेल्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती. लष्करी गुपित म्हणून. त्यांच्या हातात यंत्राचे नकाशे दिले गेले आणि त्यावरून त्यांनी ते यंत्र शिकून घेतलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आलं तेव्हा पाहुण्यांना दाखवलेलं गणित बेटी स्नायडर आणि बेटी जेनिंग्ज यांनी बसवलेलं होतं. त्या रात्री मोठी मेजवानी झाली. या सहाजणींना तिचं आमंत्रण नव्हतं.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. चाळीस वर्षांनी कॅथी क्लायमन नावाच्या एका विद्यार्थिनीला त्या यंत्राच्या जुन्या फोटोंत या बायका दिसल्या. या कोण, असं तिने विचारल्यावर तिला उत्तर मिळालं की यंत्र शोभून दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील. फ्रिजच्या जाहिरातीत असतात तशा. तिने पिच्छा सोडला नाही म्हणून ही नावं आज आपल्याला माहीत आहेत.

मग संगणक मुलांचा कधी झाला? यंत्र बनवणं हे खरं काम आणि त्याला आज्ञा लिहिणं हे कारकुनी काम, अशी समजूत होती तोवर बायका चालत होत्या. आज्ञावली लिहिण्यातच अक्कल आणि पैसा आहे हे कळलं, तसा धंद्याचा रंग बदलत गेला. तरीही अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यावर संगणकशास्त्राच्या पदवीधरांत सुमारे ३७ टक्के मुली होत्या. त्यानंतर हे प्रमाण घसरत जाऊन १८ टक्क्यांच्या आसपास आलं. वैद्यकीत, कायद्यात मुली वाढत होत्या त्याच काळात इथे त्या निम्म्यावर आल्या. मुलींची बुद्धी काही दहा-पंधरा वर्षांत आटत नाही. त्या वर्षांत घडलं असं की संगणक घरात आला आणि तो खेळणं म्हणून आला. खेळण्यांच्या दुकानात मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. व्हिडिओ गेम मुलांच्या रांगेत जाऊन बसले. १९८९ साली निघालेल्या हातातल्या खेळाचं नावच मुळी ‘गेम बॉय’!

गंमत अशी की ते खेळ रचणाऱ्यांतही बायका होत्या. रॉबर्टा विल्यम्स या दोन मुलांच्या आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ‘मिस्ट्री हाउस’ हा खेळ रचला, नवऱ्याने त्याची आज्ञावली लिहिली, आणि १९८० साली तो बाजारात आला. कॅरोल शॉ यांचा ‘रिव्हर रेड’ १९८२चा. आपल्यापैकी ज्यांच्या भावांनी टीव्हीला जोडायच्या यंत्रावर विमान उडवत नदीवरचे पूल फोडले, त्यांनी तो पाहिलाही असेल. भावाचा हात दुखेपर्यंत आपली पाळी आली नाही, हेही आठवत असेल.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर यांनी १९९५ पासून चार वर्षं संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. मुलींनी सांगितलं, घरी संगणक होता, पण तो भावाच्या खोलीत. वडील त्याच्याबरोबर बसत. ती मागे उभी राहून बघत असे. कॉलेजात येईतो मुलगा दहा वर्षं त्या यंत्राशी झटापट केलेला, आणि प्राध्यापक त्या सरावालाच उपजत हुशारी समजत. हे ध्यानात आल्यावर विद्यापीठाने प्रवेश देताना आधीच्या अनुभवाचा आग्रह सोडला, नवख्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला, आणखीही बदल केले. १९९५ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांत ७ टक्के मुली होत्या, २००० मध्ये ४२ टक्के. ‘मुलींना आवडच नसते’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत.

आपल्याकडे मात्र गोष्ट थोडी निराळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. भारतात संगणकशास्त्र हे मुलींना शोभणारं शिक्षण मानलं गेलं. उन्हातान्हात हिंडायला नको, कारखान्यात पुरुषांत वावरायला नको, सावलीत बसून काम, पगार बरा, लग्नाच्या बाजारातही चालतं. पुणे-हैदराबाद-बंगळुरूच्या कंपन्यांत एक तृतीयांशाच्या आसपास मुली दिसतात त्या यामुळे. हा मुक्तीचा मार्ग होता की नुसता वातानुकूलित उंबरठा, यावर आमच्या मंडळात दोन मतं आहेत. पगार हातात आला की बरंच काही बदलतं, हे तर आपण पाहिलंच आहे. पण दिवसभर ऑफिसात आज्ञावली लिहून घरी आलेल्या मुलीच्या घरीही वायफाय कुठलं घ्यायचं, टीव्ही कुठला आणायचा हे नवरा नाहीतर दीर ठरवतो, आणि नव्या फोनचं खोकं तोच उघडतो. नोकरीतलं यंत्र तिचं. शौकाचं यंत्र त्याचं.

आणि ही झाली शिकलेल्यांची कथा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं गेलं. स्वतः वापरते असा मोबाइल आहे, असं ५४ टक्के बायकांनी सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलंय असं म्हणणाऱ्या ३३ टक्के होत्या. पुरुष ५७ टक्के. त्याच काळात, २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोनवर भरू लागल्या. घरात फोन एक आणि शिकणारी पोरं दोन-तीन, तेव्हा तो आधी कुणाला मिळाला हे आपल्या वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलीला मिळाला तो भाकऱ्या झाल्यावर, मागच्या दिवशीचा धडा बघायला.

फोनचं वजन ग्रॅममध्ये सांगणाऱ्या आपल्या गृहस्थांना तो जोडला कुणी हा प्रश्न सहसा पडत नाही. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला आयफोन जोडणारा फॉक्सकॉनचा कारखाना आहे. तिथे हजारो तरुण मुली काम करतात आणि वसतिगृहांत राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये एका वसतिगृहातल्या जेवणातून अनेकींना विषबाधा झाली, तेव्हा या मुलींनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग अडवला. कारखाना काही काळ बंद राहिला. पुढे जून २०२४ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने शोधवृत्त छापलं की इथे लग्न झालेल्या बायकांना कामावर घ्यायचं टाळलं जातं: घरची जबाबदारी, बाळंतपण वगैरे कारणं. कंपनीने भेदभावाचा आरोप नाकारला. केंद्र सरकारने तामिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला. ‘आईलाही वापरता येईल’ असा जो फोन, तो जोडण्याच्या कामावर आई मात्र नको, असा हा आरोप आहे.

आता आमच्याच घरातली गोष्ट. ती सांगायची की नाही यावर बैठकीत बरीच वादावादी झाली, शेवटी सांगायची असं ठरलं.

मागच्या वर्षी आमच्या सल्ला केंद्रात एक मुलगी आली. वय एकोणीस, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. चारचार जणांच्या टोळ्या करून फोनवर खेळायचा एक लढाईचा खेळ ती खेळायची आणि चांगलाच खेळायची. नाव मुलाचं घेतलं होतं, बोलायचा माइक बंद ठेवायची. का, असं आम्ही विचारलं. मुलीचा आवाज ऐकला की निम्मे शिव्या देतात आणि निम्मे लाडात येतात, खेळ कुणीच खेळत नाही, असं ती म्हणाली. टोळीतल्या एका मुलाशी मैत्री झाली. त्याला तिने खरं नाव सांगितलं. काही महिन्यांनी त्याच्या आग्रहावरून एक फोटो पाठवला, जो कुणाला दाखवायचा नव्हता. मग बिनसलं, आणि तो फोटो तिच्या भावाला पाठवीन अशी धमकी सुरू झाली.

आमच्यातली पंचवीस वर्षं काम केलेली कार्यकर्ती समोर बसली होती. हुंड्याच्या, मारहाणीच्या, जळिताच्या केसेस लढलेली बाई. ती प्रेमाने म्हणाली, “आधी तो खेळ बंद कर बघू. नंबर बदल. काही दिवस फोनच नको.” मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पण ताई, मी जिंकत होते.”

या उत्तराने आम्ही ओशाळलो. कारण आम्ही तिला जे सांगितलं ते आम्हाला आयुष्यभर सांगितलं गेलं होतं. रात्रीची बाहेर कशाला गेलीस? त्या रस्त्याने कशाला गेलीस? एकटी कशाला गेलीस? फेब्रुवारी २०१६ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने लग्न न झालेल्या मुलींना मोबाइलबंदी केली आणि मोडणारीला २,१०० रुपये दंड ठेवला, तेव्हा आपण सगळ्यांनी त्या पंचांना नावं ठेवली होती. दंडाची रक्कम सोडली तर आमचा सल्ला तोच होता.

‘खेळच तर आहे, सोडून दे,’ किंवा ‘नुसते शब्दच तर आहेत, पडदा बंद कर,’ हे नवं नाही. १९९३ साली, म्हणजे इंटरनेट आपल्या गावीही नव्हतं तेव्हा, ‘लॅम्ब्डामू’ नावाची एक आभासी वस्ती होती. चित्रं नाहीत, सगळा कारभार लिहून. एकाने तिथे अशी युक्ती केली की इतरांची पात्रं त्याच्या हुकमाने घाणेरडी कृत्यं करताना सगळ्यांना दिसावीत. ज्या बाईचं पात्र त्याने असं वापरलं, तिला तो अनुभव नुसता शब्दांचा वाटला नाही. ज्युलियन डिबेल यांनी त्या डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये यावर लेख लिहिला आणि मोठी चर्चा झाली. त्या वस्तीतल्या लोकांनी मात्र तेव्हाच सभा भरवली होती. शिक्षा कोणी द्यायची, नियम कोणी करायचे, यावर रात्रभर भांडले, आणि पुढे मतदानाची पद्धत तिथे आली. ‘तू लॉग-ऑफ कर’ असं सांगणारे त्याही सभेत होते. पण प्रश्न सगळ्या वस्तीचा आहे हे निदान तिथे मानलं गेलं.

पुढच्या वीस वर्षांत वस्त्या अफाट मोठ्या झाल्या, मालकांच्या झाल्या आणि सभा बंद पडल्या. अनिता सार्कीशियन यांनी २०१२ साली व्हिडिओ गेममध्ये बायका कशा दाखवतात यावर चित्रफितींची मालिका करायचं ठरवलं आणि लोकांकडे ६,००० डॉलर मागितले. चित्रफीत निघायच्या आधीच शिव्यांचा पाऊस सुरू झाला. कुणीतरी एक खेळच बनवला, त्यात बटण दाबलं की सार्कीशियन यांच्या चेहऱ्यावर ठोसा. (लोकांनीही उलट दीड लाख डॉलरच्या वर रक्कम दिली, हेही सांगायला हवं.) ऑक्टोबर २०१४ मध्ये युटाच्या विद्यापीठात त्यांचं भाषण होतं. ते झालं तर कत्तल करू, असं पत्र आलं. तिथल्या कायद्याने सभागृहात बंदूक आणायला मनाई करता येत नव्हती, म्हणून त्यांनी भाषण रद्द केलं. हे सगळं म्हणे खेळांवरच्या प्रेमापोटी!

दूर कशाला जा? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली तेव्हा पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याचं बटण दाबलं. दोघींना अटक झाली, पहिलीच्या काकांचं रुग्णालय फोडलं गेलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कुप्रसिद्ध ६६-अ कलम पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. त्यासाठी अर्ज करणारी श्रेया सिंघल ही कायदा शिकणारी एक मुलगीच होती. आणि जुलै २०२१ मध्ये, पुन्हा १ जानेवारी २०२२ला, बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी ॲप निघाली. त्यांची नावं म्हणजे शिव्याच आहेत, त्या आम्ही पुन्हा छापत नाही. मुंबई पोलिसांनी दुसऱ्या ॲपच्या प्रकरणात ज्यांना अटक केली त्यांत एकवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता आणि अठरा वर्षांची एक मुलगीही होती. ती बातमी वाचून आमच्यातल्या अनेकींना त्या रात्री झोप लागली नाही. धर्माचा द्वेष आपल्या मुलींच्याही हाती यंत्र देतो, आणि त्यावर बायका विकायला लावतो. या प्रकरणात ‘पुरुष विरुद्ध स्त्री’ एवढं मांडून भागणार नाही.

परत त्या मुलीकडे येऊ. तिला पोलिसांकडे जायची भीती कशाची होती? “फोटो मीच पाठवला होता ना.” हे वाक्य ऐकून मथुरेची आठवण झाली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या सोळा वर्षांच्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, ओरडली नाही, म्हणजे तिची संमतीच. त्या निकालाविरुद्ध चार प्राध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, त्यातूनच आपल्यापैकी कितीतरी गट जन्माला आले. शरण जाणं आणि संमती देणं वेगळं, हे आपण तेव्हा घसा फोडून सांगितलं. आता तोच धागा पुढे न्यायचा आहे: एकाला दाखवायची संमती ही सगळ्यांना दाखवायची संमती होत नाही.

आणि हे कायद्यातही आलेलं आहे. २०१३च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत ३५४-क हे कलम आलं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ७७ क्रमांकाचं आहे. त्याच्या स्पष्टीकरणात सरळ म्हटलंय की खाजगी क्षणाचं चित्र घ्यायला बाईची संमती असली, पण ते इतरांना द्यायला नसली, तर ते पसरवणं हा गुन्हा. शेजारच्या ७८व्या कलमात पाठलागाच्या व्याख्येत बाई इंटरनेट, ई-मेल कसं वापरते यावर पाळत ठेवणंही येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम आहेच. कुठल्याही पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही. ‘सायबरचं आम्हाला कळत नाही’ हेही नाही. ते मात्र ऐकावं लागतंच, आम्हीही ऐकलं. आमच्या कार्यकर्तीने तेव्हा पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. ही कला तिच्याइतकी कुणाला येत नाही. फिर्याद घेतली गेली. मुलाच्या घरी पोलीस गेल्यावर धमक्या थांबल्या. खटल्याचं काय होतं ते बघू.

पण पुरावा? तो आम्हाला येत नव्हता. आम्ही तिला संदेश पुसून टाक म्हणणार होतो, कारण ते बघून तिला रडू यायचं. तिनेच सांगितलं की पुसायचे नसतात. पडद्याचा फोटो काढायचा, त्यात नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, मूळ संदेश तसाच ठेवायचा. फोन भेट देणाऱ्या नवऱ्याला किंवा मित्राला त्याचं कुलूप माहीत असतं, आणि बाई माहेरी गेली, केंद्रात आली, की ती कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसू शकतं, हेही तिनेच दाखवलं. आमच्याकडे येणाऱ्या बायकांचे नवरे दारात कसे येऊन उभे राहतात, याचा एक उलगडा तेव्हा झाला. इतकी वर्षं आम्ही शेजारणींवर संशय घेत होतो!

आमच्या मंडळात सगळ्यांचं एकमत आहे असं समजू नका. एक मैत्रीण म्हणते, गोळ्या झाडायच्या खेळात बाई पहिली आली तर त्यात मुक्ती कसली? रणगाडा चालवणारी बाई ही आपली मागणी कधीच नव्हती. दुसरी म्हणते, वस्तीतल्या पोरांनी ऑनलाइन रमीत घरं बसवली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर बंदीचा कायदा आला, तोवर किती मंगळसूत्रं गेली ते बचत गटांच्या वह्यांत पाहा. दोघींचं म्हणणं खोटं नाही. तिसरी, वयाने सगळ्यांत लहान, म्हणते की खेळाने दिवसभराच्या कटकटीतून अर्धा तास सुटका होते, आणि तुम्ही मुलींच्या सुटकेचा हिशेब फार मागता. यावर मोठ्या दोघी जरा रागावल्या. वाद मिटलेला नाही. पण खेळ वाईट असेल तर तो मुलांनीही सोडावा, मुलीलाच तेवढा सोडायला लावू नये, इतक्यावर सगळ्या आल्या.

केंद्रात आता एक बदल केला आहे. अशी तक्रार घेऊन कुणी आली तर ‘फोन बंद कर’ हे पहिलं वाक्य उच्चारायचं नाही. आधी विचारायचं, तुला काय राखायचं आहे? कुणाला नाव राखायचं असतं, कुणाला नंबर, कुणाला मैत्रिणींचा गट, कुणाला खेळातला क्रमांक. काहीजणींना खरोखरच काही दिवस फोन नको असतो, तेही ठीक. सांगायला आनंद वाटतो की ती मुलगी पुन्हा खेळू लागली आहे. नाव अजून मुलाचंच ठेवलं आहे. माइक मात्र कधीकधी चालू करते म्हणे.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ती केंद्रात येणार आहे, आम्हाला शिकवायला: फोनला दोन कुलपं कशी लावायची, आपला फोन आणखी कुठे उघडलेला आहे का ते कसं बघायचं, पुरावा कसा जपायचा. सगळ्या गटांतून निदान दोघी याव्यात, आणि त्यांत एक पन्नाशीच्या पुढची असावी. प्रत्येकीने आपापला फोन आणावा, मुलाचा किंवा नवऱ्याचा नको. चार्जरही आणा, केंद्रात एकच आहे आणि त्याची वायर आम्ही चिकटपट्टीने बांधलेली आहे.

संपादक मंडळ